रात्रभर धुतलेली प्रिंट पिवळट का दिसते: ब्राइटनर, पाणी आणि हॉलमधले दिवे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच खोक्यातल्या फायबर पेपरवर (प्लास्टिकचा थर नसलेला, पाणी शोषणारा फोटोपेपर) बारा कृष्णधवल प्रिंट्स केल्या. पहिल्या सात रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्या, पुढच्या आठवड्यातल्या पाच तासभरच धुतल्या. घरी बाल्कनीत बघितलं तर सातांचा पांढरा सायीसारखा आणि पाचांचा लख्ख. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये एलईडीखाली मात्र बाराही सारख्याच दिसतात, आणि सगळ्याच जरा मलूल. पेपर खराब निघाला का? ऑप्टिकल ब्राइटनर नसलेला पेपर घ्यावा का? ब्राइटनरमुळे प्रिंटचं आयुष्य कमी होतं का?

पेपर खराब असेल असं मला वाटत नाही. तुमच्या वर्णनात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, सात आणि पाच प्रिंट्समध्ये फरक का? दोन, बाल्कनी आणि हॉल यांत फरक का? दोन्हींच्या मुळाशी ब्राइटनरच आहे, पण पहिल्यात तो पाण्याबरोबर गेलाय आणि दुसऱ्यात तो जागेवर असूनही कामाला लागलेला नाही. हे वेगळं केलं नाही तर माणूस पेपर बदलतो, डेव्हलपर बदलतो, आणि दोष तिथेच राहतो. मी सत्तावीस वर्षं डार्करूममध्ये प्रिंट करतेय. पहिली सहा-सात वर्षं मीही रात्रभरच धुवायचे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

ब्राइटनर म्हणजे काय, हे समजवायला मला कपड्यांचं उदाहरण सगळ्यांत सोपं वाटतं. नीळ आणि टिनोपॉल. नीळ हा साधा रंग. सुती सदऱ्याची पिवळट झाक ती मारते, पण रंग म्हटला की तो प्रकाश खाणारच. म्हणून नीळ जास्त झाली की सदरा उजळ दिसायचं सोडून करडा-निळसर दिसतो. टिनोपॉल, राणीपाल ही मंडळी वेगळ्या जातीची. ती उन्हातला डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश घेतात आणि त्याचा दिसणारा निळा प्रकाश करून परत देतात. फोटोच्या कागदातले ब्राइटनर याच जातीचे, बहुतेक स्टिल्बीन नावाच्या रेणूपासून बनवलेले. ते साधारण ३४० ते ३८० नॅनोमीटरचा अतिनील शोषतात आणि ४४० च्या आसपासचा निळा बाहेर टाकतात. त्यामुळे चांगल्या उजेडात अशा कागदाचं निळ्या भागातलं परावर्तन मोजलं तर ते १०० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतं, म्हणजे जेवढा निळा पडला त्याहून जास्त परत आला. कागदाचा स्वतःचा रंग मात्र किंचित पिवळटच असतो. लगदा, जिलेटिन, दोन्ही तसेच. वरून आलेल्या या निळ्यामुळे तो पांढरा दिसतो.

म्हणजे ब्राइटनरवाल्या कागदाचा पांढरेपणा हा कागद आणि दिवा यांचा मिळून असतो. दिव्यात अतिनील नसेल तर ब्राइटनर असून नसल्यासारखा.

आता तुमच्या बारा प्रिंट्स. बाल्कनीत भरपूर अतिनील, तिथे फरक दिसला. हॉलमधल्या एलईडीत अतिनील जवळजवळ नाही, तिथे फरक नाहीसा झाला. तुम्ही नकळत एक फार चांगली चाचणी करून बसला आहात. सात प्रिंट्सवर जुन्या पेपरचा फॉग (नको तिथे आलेली करडी झाक) असता, सेफलाइटचा म्हणजे डार्करूममधल्या मंद रंगीत दिव्याचा फॉग असता, अपुऱ्या फिक्सिंगचा (उरलेली प्रकाशसंवेदी चांदी काढून टाकणं) किंवा दमलेल्या हायपोचा म्हणजे फिक्सरचा पिवळा डाग असता, तर तो एलईडीखालीही दिसला असता. फॉग म्हणजे चांदी आणि डाग म्हणजे रंग. दोन्ही कुठल्याही दिव्याखाली प्रकाश खातात. दिवा बदलला की मिटणारा फरक हा ब्राइटनरचा. दिवा बदलूनही राहणारा फरक असेल तर रसायनांकडे वळायचं. माझ्याकडे कुणी "पांढरा बिघडलाय" म्हणून प्रिंट घेऊन आलं तर मी पहिल्यांदा ती खिडकीशी धरते, मग आतल्या खोलीत साध्या एलईडी बल्बखाली, आणि मगच बोलते.

रात्रभर धुतल्यावर ब्राइटनर गेला कुठे? पाण्यात. फायबर पेपरमध्ये तो कागदाच्या लगद्यात असू शकतो, वरच्या बरायटाच्या थरात म्हणजे जिलेटिनमध्ये कालवलेल्या बेरियम सल्फेटमध्ये असू शकतो, कधी इमल्शनमध्येही, म्हणजे चांदी असलेल्या वरच्या थरात. यातले बरेचसे पाण्यात विरघळणारे असतात, आणि फायबर पेपर पाणी पितो. जितका वेळ भिजेल तितका ब्राइटनर सुटत राहतो. आरसी म्हणजे रेझिन-कोटेड पेपरमध्ये कागद दोन्ही बाजूंनी पॉलिथिलीनमध्ये बंद असतो. ब्राइटनर त्या प्लास्टिकमध्ये असेल तर तो सुटत नाही; जिलेटिनमध्ये असला तरी आरसी दोनेक मिनिटंच धुवायचा असतो, त्यामुळे फार जात नाही. आरसीवर केलेली टेस्ट प्रिंट लख्ख आणि तीच निगेटिव्ह फायबरवर मंद, ही तक्रार मी खूप ऐकते. तिच्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

माझ्या शब्दावर विसंबू नका, एक पट्टीचा प्रयोग करा. एक कोरा फायबर पेपर, उजेड न दाखवता, नेहमीसारखा फिक्स करा. त्याच्या पाच पट्ट्या कापा, पाठीमागे पेन्सिलने आकडे घाला. एक पट्टी वॉशिंग एडच्या (हायपो लवकर सोडवणाऱ्या द्रावणाच्या) पद्धतीने धुवा (ती पुढे सांगते), बाकीच्या एक तास, तीन तास, सहा तास आणि रात्रभर. वाळल्यावर ढगाळ दिवशी खिडकीत एकाशेजारी एक लावा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पहिल्या दोन पट्ट्यांत मला काहीच फरक सांगता आला नाही, आणि पाचवी त्यांच्याशेजारी ठेवली तेव्हा ती जणू दुसऱ्याच कंपनीच्या पेपरची वाटली. नंतर खोली अंधारी करून ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली बघितलं. पहिल्या पट्टीतून निळा प्रकाश उसळत होता, पाचवी ताकासारखी फिकी. ज्या पाण्यात पाचवी पट्टी रात्रभर होती ते थोडं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन त्याच्यावर टॉर्च धरला, तर पाण्यातच हलकी निळी धूसर झाक. शेजारच्या पेल्यातल्या साध्या नळाच्या पाण्यात ती नव्हती. पेपरमधून काय गेलं ते तिथे डोळ्यांनी दिसलं.

किती वेळात किती जातो, हे पेपरवर अवलंबून आहे. काही पेपर तीन तासांतच उतरतात, काही रात्रभर टिकून राहतात. पाण्याचं तापमानही मोठं कारण आहे. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. त्या पाण्यात ब्राइटनर भराभर सुटतो, शिवाय जिलेटिन मऊ पडून ओरखडे येतात. उन्हाळ्यात मी पहाटे धुते, किंवा आदल्या रात्री बादल्या भरून ठेवते.

मग रात्रभर धुवायची सवय आली कुठून? हायपो पूर्ण निघून जावा या काळजीतून, आणि ती काळजी योग्यच आहे. जुना, जिलेटिन कडक करणारा अॅसिड हार्डनिंग फिक्सर, त्यात दहा-दहा मिनिटं भिजलेला जाड कागद, त्यातून थायोसल्फेट म्हणजे हा हायपो काढायला वेळ लागायचाच. पण आता तो रस्ता घ्यायची गरज नाही. हायपो लगद्यात शिरूच दिला नाही तर काढायलाही वेळ लागत नाही. इल्फर्ड या फोटोपेपर कंपनीने फायबरसाठी दिलेला क्रम असा: रॅपिड फिक्सर १+४ (एक भाग फिक्सर, चार भाग पाणी), हार्डनर न घालता, फक्त एक मिनिट, मग वाहत्या पाण्यात पाच मिनिटं, मग वॉशिंग एडमध्ये दहा मिनिटं, मग पुन्हा पाच मिनिटं पाणी. पाण्यात एकूण दहा मिनिटं. एक मिनिटाचं फिक्सिंग पुरायचं तर फिक्सर ताजा हवा आणि प्रिंट सतत हलती हवी, यात सूट नाही. वॉशिंग एड विकत घ्यायची नसेल तर लिटरला २० ग्रॅम सोडियम सल्फाइट पुरतं. फक्त सल्फाइटच मागा. सल्फाइड आणि सल्फेट वेगळी रसायनं आहेत, आणि दुकानात गडबड होते.

धुणं पुरेसं झालं की नाही, हे घड्याळावर सोडू नका. सिल्व्हर नायट्रेटची चाचणी करा. ७५० मिली डिस्टिल्ड पाणी, २८ टक्क्यांचं अॅसेटिक अॅसिड १२५ मिली, सिल्व्हर नायट्रेट ७.५ ग्रॅम, आणि पाणी घालून एक लिटर. एवढं लागत नाही, दहावा भाग करा आणि तपकिरी बाटलीत अंधारात ठेवा. ओल्या प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर एक थेंब, दोन मिनिटांनी टिपून घ्या. जेमतेम दिसेल असा फिका सायीचा रंग आला तर ठीक. तपकिरीकडे झुकला तर अजून धुवा. हातमोजे घाला, बोटं काळी पडतात आणि डोळ्याला हे द्रावण फार वाईट. ही चाचणी हाताशी आली आणि मी रात्रभराचा नळ बंद केला. तोवर एकेका प्रिंटमागे किती पाणी सोडलं असेल, त्याचं आजही वाईट वाटतं. ज्या गावांत टँकर येतात तिथल्या लोकांना डार्करूम शिकवताना तर हा क्रम मी सगळ्यांत आधी शिकवते.

दुसरा प्रश्न हॉलचा. साधा पांढरा एलईडी म्हणजे ४५० नॅनोमीटरच्या आसपासची निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. त्यात अतिनील नसल्यातच जमा. जांभळ्या चिपचे काही एलईडी असतात, त्यांच्याखाली ब्राइटनर थोडा जागा होतो, पण ते क्वचित. जुन्या पिवळ्या बल्बमध्येही अतिनील फार कमी. हॅलोजनमध्ये किंचित जास्त, ट्यूबलाइटमध्ये आणखी जास्त, खिडकीतल्या उजेडात भरपूर. दिव्याच्या डब्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ लिहिलेलं असलं तरी त्यावरून अतिनीलाबद्दल काहीच कळत नाही.

काचेचंही तसंच. फ्रेमची साधी काच ३५० च्या पुढचा बराच अतिनील आत सोडते, म्हणून तिच्यामागे ब्राइटनर चालतो. संग्रहालयांत वापरतात ती अतिनील अडवणारी काच किंवा अॅक्रिलिक लावलं की खिडकीसमोर टांगलेली प्रिंटही एलईडीखाली असल्यासारखी दिसते. प्रिंट जपायची तर ती काच चांगलीच, पण ती लावणार असाल तर लख्ख पांढऱ्यावर भिस्त ठेवून प्रिंट करू नका.

आता मलूलपणाबद्दल. ब्राइटनरचा परिणाम जवळजवळ सगळा वरच्या टोकाला असतो: कोरा कागद आणि त्याच्या लगतचे फिकट करडे. काळ्या भागात चांदी येणारा अतिनीलही खाते आणि निघणारा निळाही, त्यामुळे तिथे काही बदलत नाही. ढग, पांढरं धोतर, चुन्याची भिंत, पाण्यावरची चमक, अशा जागी बाल्कनीत जी धार दिसते ती एलईडीखाली बोथट होते. डी-मॅक्स म्हणजे सर्वांत गडद काळा तोच राहतो, पण वरचा पांढरा खाली सरकल्याने सगळी प्रिंट दमल्यासारखी वाटते. यावर मी एकच उपाय करते. प्रिंट जिथे लागणार तिथले दिवे आधी विचारून घेते, तसाच एक बल्ब माझ्या वाळवण्याच्या जाळीवर लावते, आणि एक्स्पोजरचा शेवटचा निर्णय त्याच्याखाली, वाळलेल्या पट्टीवर घेते. ओली प्रिंट नेहमी उजळ दिसते, ती वेगळी भानगड. पण वाळल्यावरचा काळवंडलेपणा आणि ब्राइटनर न चमकणं हे एकावर एक बसतात. एलईडीसाठी मी बहुतेक वेळा एक्स्पोजर थोडं कमी करते आणि कॉन्ट्रास्ट अर्धा ग्रेड वाढवते. किती, ते त्या निगेटिव्हवर आहे.

माउंटबोर्डही बघा. खिडकीजवळच्या भिंतीवर ब्राइटनरने ठासून भरलेला स्वस्त पांढरा बोर्ड लावला की त्याच्यामधली चांगली प्रिंटही पिवळी वाटते. नावाच्या चिठ्ठ्या झेरॉक्सच्या कागदावर छापून प्रिंटशेजारी चिकटवतात, तो कागद तर टॉर्चखाली अक्षरशः पेटतो. मी ब्राइटनर नसलेला कॉटनचा बोर्ड वापरते, आणि चिठ्ठ्याही तसल्याच कागदाच्या करते.

आयुष्याबद्दल विचारलंत. ब्राइटनर प्रकाशात हळूहळू मरतो. वीसेक वर्षं दिवाणखान्यात टांगलेली एक प्रिंट माझ्याकडे नवी फ्रेम करायला आली होती. माउंट काढून अंधारात टॉर्च धरला, तर माउंटखाली झाकलेली बोटभर पट्टी चारी बाजूंनी निळी चमकत होती, आणि मधलं उघडं चित्र निर्जीव. दिवसाउजेडी तीच सीमारेषा जेमतेम कळत होती. पण त्या प्रिंटमधली चांदी शाबूत होती, काळे तितकेच खोल. ब्राइटनर गेला म्हणजे कागद आपल्या मूळ रंगावर आला, एवढंच. प्रतिमा टिकणं हे फिक्सिंग, धुणं, टोनिंग (चांदीला टिकाऊ करणारी प्रक्रिया) आणि साठवण यांवर आहे. आरसी पेपरच्या सुरुवातीच्या काळात उजेडात टांगलेल्या प्रिंट्स बिघडल्या, पण तिथे दोष प्लास्टिकच्या थरातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा होता. त्याला ब्राइटनरशी जोडू नका.

घरातले जुने फोटो ओळखायलाही हा टॉर्च उपयोगी पडतो. फोटोच्या कागदात ब्राइटनर १९५० च्या दशकात आले. अमेरिकन छायाचित्रकार लुइस हाइन १९४० साली वारले. त्यांच्या हयातीतल्या म्हणून विकलेल्या काही प्रिंट्स १९९० च्या दशकाच्या अखेरीस तपासल्या, तेव्हा त्यांत ब्राइटनर निघाले, म्हणजे तो कागद त्यांच्या मृत्यूनंतरचा होता. पॉल मेसियर या संवर्धकांनी ती तपासणी केली होती. त्यांनी जमवलेला जुन्या फोटोपेपरांचा मोठा संग्रह पुढे येल विद्यापीठात गेला. तुमच्या आजोबांचा १९३५ चा म्हणून जपलेला स्टुडिओतला फोटो निळा चमकला, तर ती बहुधा नंतर काढलेली कॉपी आहे. उलट मात्र खरं नाही. न चमकणारा फोटो जुनाच असेल असं नाही, कारण ब्राइटनर नसलेले पेपर नंतरही निघत राहिले. रात्रभर धुतलेल्या तुमच्या सात प्रिंट्सही उद्या कुणाला जुन्या वाटतील.

टॉर्च घेताना ३६५ चाच घ्या. बाजारात स्वस्त मिळतात ते ३९५ चे. त्यांतून जांभळा उजेड इतका सांडतो की सगळंच चमकल्यासारखं वाटतं. तुलनेला शेजारी एक साधी चलनी नोट ठेवा. नोटेच्या कागदात ब्राइटनर नसतो, त्यामुळे तिचा कागद अंधारा राहतो आणि नंबर व धागे तेवढे चमकतात. टॉर्च डोळ्यांत मारू नका.

मग ब्राइटनर नसलेला पेपर घ्यावा का? तुमच्या प्रिंट्स कशासाठी आहेत त्यावर आहे. हातात घेऊन खिडकीशी बघायच्या पोर्टफोलिओला ब्राइटनर शोभतो, बर्फ, मीठ, पांढरं कापड यांना तर फारच. जी प्रिंट आज बाल्कनीत, उद्या हॉलमध्ये आणि तीस वर्षांनी कुणाच्या घरी सारखीच दिसावी असं वाटतं, तिच्यासाठी ब्राइटनर नसलेला किंवा अगदी कमी असलेला पेपर मी निवडते, कारण त्याचा पांढरा दिव्याबरोबर बदलत नाही. डब्यावर हे नेहमी लिहिलेलं नसतं. वॉर्मटोन म्हणजे उबदार, तपकिरी झाकेचे पेपर बऱ्याचदा कमी चमकतात, पण तो नियम नाही. खोक्यातला एक तुकडा फिक्स करून धुवून टॉर्चखाली बघा. फायबरची पाठही बघा, कधी पाठ चमकते आणि पुढची बाजू नाही.

आणि गेलेला ब्राइटनर परत घालता येईल का, हे बरेच जण विचारतात. कपड्यांची पावडर पाण्यात कालवून प्रिंट बुडवणारे मला भेटलेत. करू नका. तिच्यात आणखी काय काय आहे, ते चांदीशी पुढे कसं वागेल, काहीच सांगता येत नाही, आणि चट्टे पडतात ते वेगळेच.

आता तुमच्यापुरतं. त्या सात प्रिंट्सच्या कडेवर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघा. प्रिंट वाळलेली असेल तर कड आधी ओली करा, आणि माउंटखाली झाकली जाईल अशीच जागा निवडा. रात्रभर धुतल्यात म्हणजे त्या पास होतीलच. उलट तासभर धुतलेल्या पाचांवर थेंब जरूर टाका. वॉशिंग एड वापरली नसेल तर तास काठावरचा आहे, आणि खरी काळजी तिथे आहे. थेंब गडद झाला तर त्या पाच सल्फाइटमध्ये दहा मिनिटं ठेवून पुन्हा पाच-दहा मिनिटं धुवा. सात पुन्हा छापू नका. हॉलला खिडकी असेल तर तिच्याजवळच्या भिंतीवर सगळ्या एकाच गटातल्या लावा, सात आणि पाच शेजारीशेजारी नकोत. आतल्या भिंतींवर एलईडीखाली हव्या तशा मिसळा, तिथे कुणालाही फरक कळणार नाही. पाचांचा थेंब किती गडद आला ते लिहा, सोबत पेपरचं नाव आणि फिक्सर किती जुना होता तेही. मग एक मिनिटाचं फिक्सिंग तुमच्या फिक्सरला झेपेल की नाही, ते सांगते.